घरातली हिरवी भिंत : दिवा किती तास आणि पाणी किती वेळा?

पानोपानी
नमस्कार मंडळी. घरातल्या एका भिंतीवर झाडं लावली आहेत, त्याबद्दल अनुभवी लोकांचा सल्ला हवाय. भिंत २ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच. फेल्टचे (जाड नमद्यासारख्या कापडाचे) कप्पे, एकूण आठ ओळी, आत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे). खिडकी लांब आहे, त्यामुळे उजेडाची सगळी मदार छतावरच्या दोन ट्रॅक लाइटवर. पाण्यासाठी खाली टाकी, टाकीत छोटा पंप, आणि सगळ्यात वरच्या ओळीवर ठिबकची एकच नळी. ओघळून आलेलं पाणी पन्हळीतून परत टाकीत जातं.

वरच्या दोन ओळींतली फर्न कडांनी करपतायत. मधला पट्टा छान आहे. खाली मनीप्लांट आणि सिंगोनियमची पानं पिवळी पडतायत, देठ लांबुळके होऊन वर माना काढतायत. शिवाय बारीक काळ्या माश्या झाल्यात.

माझं म्हणणं, वर करपतंय म्हणजे पाणी वाढवायला हवं. घरच्यांचं म्हणणं, खाली कुजतंय म्हणजे कमी करायला हवं. तर दिवे किती तास ठेवायचे आणि पंप दिवसातून किती वेळा चालवायचा? नेमके आकडे सांगा, मी टायमरला लावते.

हरितद्रव्य
आकडे देतो, पण त्याआधी तुमच्याकडून एक आकडा हवा. सगळ्यात खालच्या ओळीत, पानाच्या उंचीवर, उजेड किती पडतो?

'किती तास' हे अर्धंच माप झालं. दिवसभरात पानावर एकूण किती प्रकाश पडला हे झाडाला कळतं. उजेड नेहमी लक्समध्ये मोजतात, पण ते माप माणसाच्या डोळ्यासाठी बनलेलं आहे. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश जास्त जाणवतो, म्हणून लक्सही त्यालाच जास्त मोजतं. झाड ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच प्रकाश वापरतं. म्हणून झाडांसाठी एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाशकण पडले ते मोजतात. त्याला पीपीएफडी म्हणतात. (मोल हे कण मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग.)

त्याचं मीटर नसेल तर पांढऱ्या एलईडीच्या उजेडातले लक्स ७० ने भागा, साधारण मायक्रोमोल मिळतात. मग मायक्रोमोल × तास × ०.००३६ केलं की दिवसाचे मोल. मनीप्लांट, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनेमा ही सावलीतली मंडळी दिवसाला एक-दीड मोलवर तग धरतात आणि २ ते ४ मोलला छान वाढतात. तुलनेसाठी सांगतो, कामाच्या टेबलावर आपल्याला ४०० लक्स भरपूर वाटतात. पण ४०० लक्स बारा तास म्हणजे जेमतेम पाव मोल. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत झाड उपाशी असू शकतं.

निवांत वाचक
वाचनखूण साठवली. भिंत नाहीये, पण कपाटावरच्या मनीप्लांटला आजच मोजतो.

ठिबक
पानोपानी ताई, तुमच्या घरातले दोन्ही पक्ष बरोबर आहेत, फक्त दोघं वेगवेगळ्या ओळींबद्दल बोलताय.

वरच्या एकाच नळीने पाणी दिलं की वरच्या ओळीला जे मिळेल ते तेवढंच, त्याच्यावर कुणाचं ओघळत नाही. त्यात ती ओळ दिव्याच्या सगळ्यात जवळ, आणि खोलीतली गरम हवाही वरच साचते. म्हणून ती आधी वाळते. खालच्या ओळीत मात्र सातही ओळींचं उरलेलं पाणी उतरतं. पंप जास्त चालवलात तर खालचं कुजेल, कमी चालवलात तर वरचं करपेल. एका नळीवर याला उत्तर नाही, टायमर कितीही नेमका लावा.

भिंतीचे दोन किंवा तीन पट्टे करा. प्रत्येक पट्ट्याला वेगळी नळी आणि आधी वेगळा कॉक. कॉकच्या जागी सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारी झडप) आणि दोन-तीन वाहिन्यांचा टायमर बसवला की वरच्या पट्ट्याला रोज आणि खालच्याला तीन-चार दिवसांनी असं करता येतं. व्हॉल्व्ह 'वीज नसताना बंद' राहणारा घ्या, म्हणजे वीज गेली तरी पाणी सुटून जमिनीवर येणार नाही.

रानजाई
ठिबक, तुमची मांडणी पटली, पण एवढं यंत्र कशासाठी? माझी भिंत लहान आहे, मी झारीने पाणी घालते. प्रत्येक कप्प्यात बोट खुपसते, पहिलं पेर कोरडं लागलं की पाणी. त्या निमित्ताने रोज प्रत्येक झाड बघितलं जातं. पानामागे पिठ्या ढेकूण आलाय का, कुठे कोळ्याच्या जाळीसारखं काही दिसतंय का, हे टायमर सांगत नाही.

ठिबक
हाताने देणं उत्तमच, त्यात वाद नाही. पण २.४ मीटर उंचीवर रोज शिडी लावणं सगळ्यांना जमत नाही. आणि कप्प्यांच्या ऐवजी नुसत्या फेल्टच्या थरावर मुळं असतील तर हाताने भागत नाही. फेल्टमध्ये पाणी साठतच नाही म्हटलं तरी चालेल. तिथे दिवसातून अनेकदा एक-दोन मिनिटं पाणी द्यावं लागतं, आणि पंप बंद पडला तर त्याच दिवशी झाडं माना टाकतात. कोकोपीटच्या कप्प्यात दोन-तीन दिवसांची उसंत मिळते. प्रणाली कुठली आहे ते न विचारता 'दिवसातून इतक्या वेळा' सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

चौकट
मग कृत्रिम झाडं लावा की! पाणी नको, दिवा नको, वाद नको.

रानजाई
आणि नवीन पान उलगडताना बघायचं कुठे?

वीजतंत्री
दिव्यांबद्दल लिहितो, कारण आजार तिथे सुरू होतोय असं मला वाटतं.

पानोपानी, तुमचा ट्रॅक भिंतीपासून किती अंतरावर आहे? बहुतेक ठिकाणी तो भिंतीला चिकटून असतो, तीस-चाळीस सेंटिमीटरवर. तिथून दिवा भिंतीला घासून खाली जातो. वरच्या ओळीवर झोत, वरची पानं पुढे आलेली, त्यांची सावली खाली. भिंत सारखी उजळायची असेल तर भिंतीच्या उंचीच्या साधारण तृतीयांश अंतरावरून प्रकाश टाका. तुमच्यासाठी ते ८० सेंटिमीटर येतं. झाडं पुढे वाढतात, तेव्हा मी आणखी थोडं मागे घेईन.

दोन दिव्यांनीही भागणार नाही. वरच्या अर्ध्या भागाला रुंद झोताचे, साधारण ६० अंशांचे, आणि खालच्या अर्ध्या भागावर रोखलेले अरुंद, २४ अंशांचे. दूर जाताना झोत पसरून क्षीण होतो, म्हणून लांबच्या ओळीला अरुंद झोत लागतो.

वॅटचा अंदाजही देतो. भिंत ४.८ चौरस मीटर. सगळीकडे ६० मायक्रोमोल हवेत म्हणजे पानांवर २८८. निम्मा प्रकाश इकडेतिकडे जातो असं धरा, म्हणजे दिव्यांतून ५७६ निघायला हवेत. चांगला एलईडी एका वॅटला सेकंदाला २ ते २.५ मायक्रोमोल देतो. म्हणजे जवळपास २६० वॅट. बारा तासांना रोज तीन युनिटच्या वर. ज्यांनी अजून भिंत उभारलेली नाही, त्यांनी हा हिशेब आधी करावा. झाडांची निवड करताना लोक महिना घालवतात आणि दिव्यांची निवड शेवटच्या दिवशी होते, हे मला खरंच खटकतं.

आणि कृपा करून : पंप आणि दिव्यांच्या सर्किटला ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवा. वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून आलेलं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, प्लगमध्ये जाणार नाही.

सावलीतला
पांढरे दिवे कशाला? झाडांसाठी जांभळे एलईडी मिळतात ना. हरितद्रव्य लाल आणि निळाच प्रकाश शोषतं, हिरवा परत फेकतं. मग हिरव्यावर वीज का घालवायची?

हरितद्रव्य
नाव माझं घेतलंत म्हणून उत्तर देणं आलं :)

काचेच्या नळीत वेगळं काढलेलं हरितद्रव्य असं वागतं, जिवंत पान नाही. पानातून हिरव्या प्रकाशाचा थोडा भागच परत फिरतो. बराचसा आत खोलवर शिरतो आणि खालच्या पेशींमध्ये वापरला जातो. दाट पानांच्या भिंतीत तर हे उपयोगीच पडतं. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर फॉस्फरचा लेप, त्यामुळे त्यात निळा, हिरवा, लाल सगळंच असतं.

जांभळ्या उजेडात झाडं वाढतात हे खरं. पण त्या उजेडात हिरवी पानं काळपट दिसतात, पिवळेपणा कळत नाही, कीड दिसत नाही. रोग उशिरा लक्षात येतो. ज्या खोलीत माणसं बसतात तिथे ३००० ते ४००० केल्विनचा (हा पांढऱ्या रंगाच्या छटेचा आकडा), ९०च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) असलेला पांढरा दिवाच बरा.

सावलीतला
कीड दिसत नाही हा मुद्दा मान्य. बंदिस्त कपाटात रोपं वाढवणाऱ्यांसाठी जांभळा ठीक आहे, एवढं तरी राहू द्या.

हरितद्रव्य
राहू दिलं. दिवे घ्या, पांढरे.

पुनर्वसु
जरा वेगळं. या हिरव्या भिंतींचं श्रेय सगळे पात्रिक ब्लाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला देतात. त्याचं काम मोठं आहेच. फेल्टच्या दोन थरांमध्ये मातीविना झाडं वाढवून त्याने हा प्रकार जगभर नेला. माद्रिदच्या काइशाफोरम या कलाकेंद्राशेजारची त्याची भिंत प्रसिद्ध आहे. पण १९३८ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या स्टॅन्ली हार्ट व्हाइट या प्राध्यापकाने वनस्पती धारण करणाऱ्या उभ्या रचनेचं पेटंट घेतलं होतं. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

ब्लाँकडून शिकण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे त्याचं निरीक्षण. जंगलात कड्यांवर, धबधब्याशेजारच्या खडकांवर झाडं मातीशिवाय कशी जगतात हे त्याने बघितलं. तिथेही वरच्या कोरड्या कपारीत एक जात असते आणि खालच्या ओल्या सावलीत दुसरी. भिंतीवर झाडं लावताना तेच पाळायचं.

चौकट
आणि अशी भिंत घरातली हवा शुद्ध करते ना? नासाने सिद्ध केलंय म्हणतात.

हरितद्रव्य
नासाचा १९८९चा अभ्यास छोट्या बंद पेटीतला होता. घर बंद पेटी नसतं. दारं-खिडक्यांच्या फटींतून हवा सतत बदलत असते. २०१९ मध्ये अशा जुन्या प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सेंद्रिय बाष्प काढून टाकण्यात नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटर जमिनीमागे १० ते १००० झाडं लागतील असं त्यातून निघालं. तेव्हा भिंत डोळ्यांसाठी, मनासाठी लावा. हवेसाठी खिडकी उघडा.

रानजाई
पुनर्वसुंच्या मुद्द्यावरून पुढे. पानोपानी, फर्न वर लावलीत हाच मला पेच वाटतो. नेफ्रोलेपिससारख्या फर्नला ओल लागते, वरच्या ओळीत तिला ती कधीच पुरणार नाही. वर हॉया, पेपेरोमिया, स्नेक प्लांट, चढवायचा असेल तर हार्टलीफ फिलोडेंड्रॉन. मध्ये स्पायडर प्लांट, सिंगोनियम, अँथुरियम. फर्न आणि पीस लिली खाली, पण खाली उजेड पुरेसा झाल्यावरच. रंगीत, पांढऱ्या ठिपक्यांची पानं अंधाऱ्या ओळीत नकोत, त्यांच्यात हरितद्रव्य मुळातच कमी.

काळ्या माश्यांसाठी : त्यांच्या अळ्या सतत ओल्या कोकोपीटच्या वरच्या थरात वाढतात. वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये कोरडा होऊ द्या, पिवळे चिकट कागद लावा, आणि टाकीच्या पाण्यात अळ्या मारणाऱ्या बीटीआय जिवाणूची पावडर. उडणाऱ्या माश्या मारून उपयोग नाही, अळ्या संपल्या पाहिजेत.

पानोपानी
किती छान लिहिताय सगळे! ट्रॅक ३० सेंटिमीटरवरच आहे. फोनच्या अ‍ॅपने मोजलं. सगळ्यात वरची ओळ ६२०० लक्स, चौथी २१००, सगळ्यात खालची ४५०. दिवे रोज बारा तास. फोनचं माप कितपत खरं?

हरितद्रव्य
फोनचा आकडा चुकू शकतो, पण त्याच फोनने त्याच पद्धतीने मोजलं तर ओळींमधला फरक विश्वासाचा असतो. फोनचा सेन्सर पानाच्या जागी, दिव्याकडे तोंड करून धरा.

तुमच्या आकड्यांवरून : वर ८९ मायक्रोमोल, दिवसाचे ३.८ मोल. मध्ये ३०, म्हणजे १.३ मोल. खाली ६, म्हणजे ०.३ मोलसुद्धा नाही. वर आणि खाली जवळजवळ चौदा पटींचा फरक.

आता हे पाण्याशी जोडा. उजेड पडला की पानावरची रंध्रं उघडतात, पाणी उडतं, मुळं पाणी ओढतात. अंधारातल्या झाडाला तहानच नसते. म्हणजे तुमची वरची ओळ सगळ्यात तहानलेली आणि तिला सगळ्यात कमी पाणी, खालची ओळ पाणी पीतच नाही आणि तिला सगळ्यात जास्त. म्हणून 'पाणी किती वेळा' याचं उत्तर दिव्याआधी देताच येत नाही. आधी उजेड सारखा करा, मग पाण्याचा टायमर.

सावलीतला
मग खालच्यांसाठी दिवे चोवीस तास चालू ठेवले तर? ०.३चे दुप्पट होतील.

हरितद्रव्य
दुप्पट होऊनही ०.६च, आणि वरच्यांना सात-आठ मोल. शिवाय झाडांना रात्र लागते. दहा ते चौदा तास उजेड आणि बाकी अंधार, तोही रोज त्याच वेळी. वेळ वाढवून तीव्रतेची उणीव थोडीच भरून निघते.

ठिबक
पंपाबद्दल विचारायचं राहिलं. डब्यावर कमाल उंची किती लिहिली आहे?

पानोपानी
३ मीटर.

ठिबक
मग तेही एक कारण. त्या उंचीला प्रवाह शून्य असतो. २.४ मीटर चढवून, वर नळ्यांचं घर्षण धरून, तुमच्या ठिबकांना अगदी किरकोळ दाब उरतो. दहा मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे एक बार (दाबाचं एकक), यावरून समजा. दाब समतोल राखणाऱ्या ठिबकांना तर किमान अर्धा ते एक बार लागतोच, या पंपावर ती चालणारच नाहीत. लहान डायाफ्राम पंप (पडदा हलवून जास्त दाब देणारा) घ्या, त्यापुढे १२० मेशची, म्हणजे बारीक जाळीची, गाळणी, आणि पंप थांबल्यावर गळणं बंद होणारी ठिबकं. नाहीतर प्रत्येक वेळी नळीतलं उरलेलं पाणी खालच्या तोंडांतून रिकामं होतं, पुन्हा खालच्यांनाच जादा. नळ्या काळ्या हव्यात, पारदर्शक नळीत शेवाळ धरतं.

टाकीचं पाणी फिरून फिरून येतं, त्यात क्षार साठत जातात. झाड पाणी पितं, क्षार बरेचसे मागे राहतात. वरच्या फर्नच्या करपलेल्या कडा यामुळेही असू शकतात. पाण्यातले क्षार मोजणारं ईसी मीटर घ्या. पानांच्या झाडांना सेंटिमीटरला १ मिलिसीमेन्सच्या आसपास पुरे. दोनच्या पुढे गेलं की टाकी रिकामी करा. पीएच (पाण्याची आम्लता) ५.५ ते ६.५.

रानजाई
म्हणूनच मी पाणी फिरवत नाही. जे ओघळेल ते कुंड्यांना घालते. कीड, बुरशी एका कप्प्यातून सगळीकडे पसरत नाही.

ठिबक
कप्प्यांच्या भिंतीला तुमचंच बरोबर, ओघळ मुळात थोडाच असावा. फेल्टच्या भिंतीला मात्र फिरवल्याशिवाय पाण्याची नासाडी फार.

निवांत वाचक
टाकीतलं पाणी पानांवर फवारलं तर ओलावा वाढेल ना?

हरितद्रव्य
टाकीतलं साठवलेलं पाणी खोलीत फवारू नका. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतो आणि तुषारांमधून श्वासात जातो. ठिबकमध्ये तुषार होत नाहीत, म्हणून ते सुरक्षित. पानं ओल्या फडक्याने पुसा, धूळ गेली की उजेडही जास्त मिळतो.

वीजतंत्री
आणि फेल्टच्या मागे पत्रा किंवा पीव्हीसीचा थर, त्याच्या आणि खऱ्या भिंतीच्या मध्ये हवा खेळायला दोन-तीन सेंटिमीटरची फट आहे ना? नसेल तर झाडं जगतील, भिंतीला ओल येईल.

पानोपानी
फट आहे.

बरेच दिवसांनी लिहितेय. ट्रॅक ८५ सेंटिमीटरवर नेला, खालच्या भागावर रोखलेले दोन अरुंद झोतांचे दिवे वाढवले. आता वर ४५००, मध्ये ३४००, खाली १९०० लक्स. पंप बदलला, तीन पट्टे केले. फर्न खाली आल्या, वर हॉया आणि पेपेरोमिया. खालच्या मनीप्लांटची नवी पानं आखूड देठाची आणि गडद येतायत! जुनी पिवळी पानं हिरवी होतील का?

रानजाई
नाही होणार, ती काढून टाका. नवी पानं बघून ठरवायचं. बातमी वाचून फार बरं वाटलं.

हरितद्रव्य
वर २.८, मध्ये २.१, खाली १.२ मोल. खालचे दिवे वेगळ्या टायमरवर घेऊन चौदा तास केलेत तर खाली १.४च्या जवळ जाल, वरच्यांना बाराच राहू देत.

पानोपानी
करते. मग आता पाणी? मूळ प्रश्न तोच होता :)

ठिबक
वरचा पट्टा रोज एकदा, मधला दिवसाआड, खालचा तीन दिवसांनी, यापासून सुरुवात करा. वेळ दिवे लागल्यानंतरचा पहिला तास. किती मिनिटं हे असं ठरवा : पट्ट्यातल्या शेवटच्या कप्प्याखाली पहिला थेंब दिसला की थांबा, तेवढी मिनिटं टायमरला लावा. पंधरवडाभर प्रत्येक पट्ट्यातला एक कप्पा पाणी द्यायच्या आधी हाताने उचलून बघा. जड लागला तर एक दिवस पुढे ढकला, अगदी हलका लागला तर अलीकडे आणा. खालच्या पट्ट्यात आत्ता घाई नको, कुजलेल्या मुळांच्या जागी नवी मुळं यायला वेळ लागेल आणि तोवर ती झाडं कमीच पाणी पितील.

पानोपानी
टायमर लावला. खालच्या पट्ट्याला चार दिवस ठेवलेत, कप्पा अजून जड लागतोय.

ठिबक
योग्य केलंत.